गोल भांड्यातला मासा: आधी काय घडलं?

पाळीव मासा म्हटलं की अजूनही काचेचं गोल भांडं डोळ्यांसमोर येतं. त्या भांड्याचा आकार ठरला तो बघणाऱ्याच्या सोयीने. माशाला काय लागतं, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

चीनमध्ये सोंग राजवटीत (९६० ते १२७९) सोनेरी मासे म्हणजे गोल्डफिश तळ्यांत पाळत. मिंग काळात ते मातीच्या रुंद भांड्यांत आले, पण तेव्हाही मासा वरून पाहायचा असे. सतराव्या शतकात हा मासा युरोपात पोहोचला, तिथे पुढे काचेचं भांडं रूढ झालं आणि त्याला बाजूने न्याहाळता येऊ लागलं. तोंडाशी निमुळतं भांडं काठोकाठ भरलं की पाण्याचा हवेशी संबंध तेवढ्या वर्तुळापुरताच उरतो. ऑक्सिजन कमी मिसळतो. त्यात गोल्डफिश वीतभर किंवा त्याहून मोठा होणारा, नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगणारा मासा. तो काही महिन्यांत मेला तर ‘एवढंच आयुष्य असतं त्याचं’ असं लोक सहज म्हणतात. हे ऐकून वाईट वाटतं.

१८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिशसोबत व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. तिची पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्यांनी ती खायला गोगलगायी सोडल्या. पाणी टिकलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं.

पण वनस्पतींचा हिशोब अर्धाच होता. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तो त्यांनाच विषारी ठरतो. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू १८९० च्या सुमारास रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी वेगळे करून दाखवले. नायट्राइटही घातक, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरमध्ये आणि तळाच्या वाळूत वस्ती करतात, आणि ती जमायला काही आठवडे जातात. म्हणून जाणकार मासे आणण्याआधी टाकी ‘सायकल’ करायला, म्हणजे हे जिवाणू आधी वाढू द्यायला सांगतात. नव्या, चकचकीत टाकीत मासे पटापट मरतात ते बहुधा याच कारणाने.

२००३ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांत इजा जाणवणारे चेतातंतू दाखवले. नियमही याच सुमारास बदलू लागले. इटलीत मोंझा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल भांड्यांवर बंदी घातली. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या नियमांनुसार तर टाकी चहूबाजूंनी पारदर्शक असून चालत नाही. माशाला नजरेआड होता आलं पाहिजे.