रीजनल व्हिसा ते पीआर : पोस्टकोडच्या यादीची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या ४९१ क्रमांकाच्या व्हिसाच्या मंजुरीचा (ग्रँटचा) मेल आला की इकडे पुण्या-ठाण्यात पेढे वाटले जातात आणि नातेवाइकांत ‘पीआर झाला’ अशी बातमी फिरते. पीआर, म्हणजे तिकडे कायमचं राहायचा परवाना, झालेला नसतो. हातात आलेला असतो पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा. तो निदान तीन वर्षं हातात ठेवून, सरकारने ‘रीजनल’ ठरवलेल्या भागात राहून, प्राप्तिकराचे कागद जमवले की मग १९१ साठी अर्ज करता येतो. तो १९१ म्हणजे पीआर. गुण कसे मोजतात, ईओआय, म्हणजे व्हिसासाठीची इच्छानोंद, कसा भरतात, स्किल असेसमेंटला, म्हणजे कौशल्याच्या तपासणीला, काय लागतं हे इथं पुन्हा सांगत नाही. या वाटेला लागलेल्या माणसाला ते पाठ असतं. प्रश्न वेगळा आहे. दोन टप्प्यांचा हा जिना बांधला कुणी आणि का, आणि ‘रीजनल’ या शब्दाचा अर्थ मध्येच इतक्या वेळा का बदलला?

फार मागं जायची गरज नाही. १९०१ च्या कायद्याने गोरेतरांना दार बंद केलं, ते धोरण १९७३ मध्ये औपचारिकरीत्या संपलं, आणि १९७९ मध्ये गुणांवर माणूस निवडायची पद्धत पहिल्यांदा आली. आपल्या विषयाची सुरुवात १९९० च्या दशकाच्या मध्यावर होते. गुणांवर निवडून आलेली बहुतेक माणसं सिडनी नाहीतर मेलबर्न गाठत होती, आणि ॲडलेड, होबार्ट, डार्विनकडची राज्यं नि प्रदेश तक्रार करत होते की कुशल माणसं आमच्या वाट्याला येतच नाहीत. १९९५-९६ पासून रीजनल भागांसाठी वेगळे मार्ग सुरू झाले. त्यांची गोची एकच होती : एकदा कायमचा व्हिसा दिला की माणसाला अडवणार कसं? तो विमानतळावर उतरायचा, सहा महिने ॲडलेडमध्ये काढायचा आणि सामान बांधून मेलबर्नला चालू पडायचा. कायद्याने त्यात गैर काही नव्हतं.

२००४ च्या जुलैमध्ये आलेल्या ४९५ व्हिसाने हा प्रश्न उलटा सोडवला. आधी तात्पुरता व्हिसा, त्यावर दोन वर्षं राहून आणि एक वर्ष काम करून दाखवा, मग कायमचं बघू. आजच्या ४९१-१९१ चा सगळा सांगाडा तिथंच उभा राहिला. २००७ च्या सप्टेंबरात देशाबाहेरून अर्ज करणाऱ्यांसाठी ४७५, देशात असलेल्यांसाठी ४८७ आणि दुसऱ्या टप्प्याचा ८८७ आला. १ जुलै २०१२ ला ऑनलाइन ईओआयची पद्धत सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातले हे तुकडे एकत्र करून ४८९ तयार झाला.

४८९ चा काळ अजून अनेकांच्या आठवणीत आहे, कारण मराठी घरांमधली बरीच मंडळी या दाराने आत गेली. व्हिसा चार वर्षांचा. राज्याच्या नॉमिनेशनचे, म्हणजे राज्याने नाव सुचवल्याचे, १० गुण. पात्रतेची रेषा तेव्हा ६० वर होती. ती १ जुलै २०१८ ला ६५ झाली. ८८७ साठी अट साधी होती : ठरवून दिलेल्या भागात दोन वर्षं वास्तव्य आणि एक वर्ष पूर्ण वेळ, म्हणजे आठवड्याला निदान ३५ तास, काम. काम कुठलं, याला बंधन नव्हतं. पुण्यात जावा डेव्हलपर असलेला माणूस ॲडलेडच्या गोदामात खोकी उचलत असेल, तरी ते वर्ष मोजलं जाई. नवरा-बायकोपैकी कुणीही एकाने अट पुरी केली तरी चाले. हा ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला होता असं मला वाटतं. राज्यांना हवी होती ती त्या भागात राहणारी, भाडं देणारी, मुलं शाळेत घालणारी कुटुंबं. हुद्दा दुय्यम होता. कमतरता एकच, पण मोठी : ४८९ वर बहुतेकांना मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, मिळत नसे. बाळंतपण आलं की खाजगी विम्याची प्रतीक्षा मुदत संपली का, हे कॅलेंडर काढून बघावं लागे.

आता त्या शब्दाकडे येऊ. ‘रीजनल’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे शेत, मेंढ्या आणि धुळीचा रस्ता येतो. मुंबईकराला कल्याणच्या पुढं सगळं गावच वाटतं, त्यातलाच प्रकार. व्हिसाच्या कायद्यात मात्र या शब्दाचा भूगोलाशी फारसा संबंध कधीच नव्हता. तो पोस्टकोडच्या यादीचा शब्द आहे. यादीत पोस्टकोड असेल तर जागा रीजनल, नसेल तर नाही. साऊथ ऑस्ट्रेलिया हे अख्खं राज्य ४८९ च्या यादीत होतं, म्हणजे दहा लाखांहून जास्त वस्तीचं ॲडलेडसुद्धा. उलट न्यू साऊथ वेल्समधली न्यूकॅसल आणि वोलाँगाँग ही ॲडलेडपेक्षा कितीतरी लहान शहरं यादीबाहेर होती, सिडनीच्या रांगेत बसवलेली.

गोंधळ इथंच थांबत नव्हता, कारण याद्या दोन होत्या. राज्याने नॉमिनेट केलेल्या माणसासाठी एक, आणि तिकडे राहणाऱ्या नातेवाइकाने स्पॉन्सर केलेल्या माणसासाठी दुसरी. पहिलीचं इंग्रजी नाव ‘स्पेसिफाइड रीजनल एरिया’, दुसरीचं ‘डेझिग्नेटेड एरिया’. दुसरी यादी कितीतरी सैल होती; तिच्यात अख्खं व्हिक्टोरिया राज्य होतं, म्हणजे मेलबर्नही. व्हिसाच्या अटींचे नंबरसुद्धा वेगळे : पहिलीला ८५३९, दुसरीला ८५४९. त्यामुळं ४८९ वरचे दोन मराठी शेजारी एकाच मेलबर्नमध्ये राहिले, तर मावसभावाने स्पॉन्सर केलेल्याची ती दोन वर्षं ८८७ साठी मोजली जात आणि राज्याकडून आलेल्याच्या व्हिसाच्या अटीचा भंग होई. शहर तेच, व्हिसाचा नंबरही तोच, तरीही. ‘अमक्याला चाललं, मग मला का नाही’ या त्या काळातल्या वादांच्या मुळाशी बहुतेक वेळा ही दोन नावं असत. सल्ला देणाऱ्यांपैकीही अनेक जण दोन्हींना सरसकट ‘रीजनल’ म्हणत, आणि त्याचा भुर्दंड अर्जदाराच्या माथी पडे.

पर्थची, म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याच्या राजधानीची, गोष्ट तर वेगळीच. नोकरी देणाऱ्या कंपनीने रीजनल भागासाठी स्पॉन्सर करायच्या त्या वेळच्या योजनेत पर्थ रीजनल धरलं जात होतं. २०१७ च्या नोव्हेंबरात ते त्या यादीतून निघालं. खाणींची तेजी ओसरली होती आणि नवीन आलेल्या राज्य सरकारला नोकऱ्या आधी स्थानिकांना मिळाव्यात असं वाटत होतं. काही काळातच दुसरी बाजू दिसू लागली : यादीतून शहर गेलं की परदेशी विद्यार्थ्यांच्या लेखी त्याचं आकर्षणही जातं, आणि विद्यापीठांच्या फीवर परिणाम होतो. २०१९ च्या मार्चमध्ये नव्या रीजनल व्हिसांची घोषणा झाली तेव्हा सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट आणि पर्थ ही पाच शहरं बाहेर होती. ऑक्टोबर संपता संपता निर्णय फिरला. पर्थ आणि गोल्ड कोस्ट आत घेतली गेली, आणि १६ नोव्हेंबर २०१९ ला ४९१ सुरू झाला तेव्हा सगळ्या देशात बाहेर राहिली फक्त तीन शहरं : सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन. याच यादीने न्यूकॅसल आणि वोलाँगाँगलाही आत घेतलं, आणि राजधानी कॅनबेरासुद्धा रीजनल झाली. नावही नवीन : ‘डेझिग्नेटेड रीजनल एरिया’. जुन्या दोन नावांतला एकेक शब्द उचलून केलेलं, म्हणजे गोंधळ मिटायच्या ऐवजी जुने कागद वाचणाऱ्याच्या डोक्यात आणखी एक भर.

या यादीत दोन पायऱ्या केल्या गेल्या. पर्थ, ॲडलेड, गोल्ड कोस्ट, सनशाइन कोस्ट, कॅनबेरा, न्यूकॅसल, वोलाँगाँग, जिलाँग, होबार्ट ही मोठी शहरं एका गटात, आणि उरलेला देश दुसऱ्या गटात. ४९१ वरच्या माणसाला या पायऱ्यांनी फारसा फरक पडत नाही. पर्थमध्ये काढलेलं वर्ष आणि ब्रोकन हिलसारख्या खाणगावात काढलेलं वर्ष १९१ साठी सारखंच. फरक पडतो तो पदवीनंतरच्या दुसऱ्या वर्क व्हिसाला : पहिल्या गटात शिकून राहिलेल्याला एक वर्ष जास्त, दुसऱ्यात दोन. ज्या राज्याने नॉमिनेट केलं त्याच राज्यात राहायला हवं का, हा प्रश्नही सतत विचारला जातो. ४९१ च्या ८५७९ या अटीत राज्याचं नाव नाही, रीजनल भागाचं आहे. राज्यं नॉमिनेशन देताना आपल्याकडे राहण्याचं वचन घेतात ते वेगळं. वचन आणि व्हिसाची अट यांतलं हे अंतर सरकारने कधी नीट उलगडून सांगितलेलं नाही.

२०१९ चा बदल यादीपुरता नव्हता. त्या वर्षी देशाचा कायमस्वरूपी स्थलांतराचा वार्षिक आकडा १,९०,००० वरून १,६०,००० वर आणला गेला. सिडनी-मेलबर्नमधली गर्दी हे तेव्हा दिलेलं कारण. त्या १,६०,००० मधल्या २३,००० जागा रीजनल व्हिसांना राखल्या : १४,००० ४९१ ला, ९,००० कंपनीच्या स्पॉन्सरशिपवरच्या ४९४ ला. गंमत बघा : ४९१ तात्पुरता, पण मोजला जातो कायमच्या आकड्यात. पुढं तीच माणसं १९१ घेतात तेव्हा त्यांची पुन्हा मोजणी होत नाही, त्यामुळं १९१ ला वार्षिक मर्यादेची भीती नाही, हा अर्जदाराचा फायदा. पण मेडिकेअर आणि राहायची मुभा मिळालेल्या, कायमच्या आकड्यात धरलेल्या माणसाला तुम्ही तात्पुरते आहात असं पाच वर्षं सांगत राहणं मला तरी चमत्कारिक वाटतं.

४९१ ने दिलं बरंच. नॉमिनेशनचे गुण १० वरून १५ झाले, मुदत चारवरून पाच वर्षं, आणि मेडिकेअर. ४९१ सुरू झाला त्याच दिवशी गुणांच्या तक्त्यातही बदल झाला. अविवाहिताला १० गुण मिळू लागले, इकडे आई-वडील स्थळं बघत असताना. घेतलं तेही कमी नाही. दोन वर्षांची तीन झाली, आणि ती होईपर्यंत गुणांवर थेट पीआर देणाऱ्या १८९, १९० किंवा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवरच्या १८६ साठी अर्ज करायला मज्जाव. ४८९ मध्ये असं कुलूप नव्हतं; गुण वाढले की लोक थेट १९० कडे उडी मारत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, उत्पन्नाची अट.

घोषणेच्या वेळी सांगितलं गेलं होतं की १९१ साठी तीन वर्षं दरवर्षी किमान ५३,९०० डॉलर करपात्र उत्पन्न दाखवावं लागेल. हा आकडा कंपन्यांनी आणलेल्या तात्पुरत्या कामगारांच्या किमान पगाराचा, २०१३ पासून न बदललेला. खाण इंजिनिअरला तो काहीच नव्हता. बालवाडीच्या शिक्षिकेला, स्वयंपाक्याला, लहान बाळामुळं अर्धवेळ काम करणाऱ्या आईला तो डोंगर होता, आणि रीजनल भागात नेमक्या याच लोकांची चणचण होती. त्यातच करोना आला. २० मार्च २०२० ला सीमा बंद झाल्या आणि ४८९, ४९१ मिळालेले कित्येक जण भारतात अडकले; व्हिसाचे दिवस घरबसल्या संपत होते. २०२१ च्या अखेरीस सीमा पुन्हा उघडू लागल्या. अडकलेल्यांचे रीजनल व्हिसा तीन वर्षांनी वाढवायचा निर्णय झाला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तो अमलात आला. ज्यांची मुदत संपून गेली होती तेही त्यात धरले गेले.

१६ नोव्हेंबर २०२२ ला, ४९१ ला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, १९१ उघडला. किमान उत्पन्नाचा आकडा त्यात नव्हता. तीन वर्षांच्या कर आकारणीच्या नोटिसा हव्यात, रक्कम किती हवी ते ठरवलेलं नाही, अशी अट राहिली. तीन वर्षं ‘५३,९०० चं काय करायचं’ म्हणून दुसरी नोकरी धरलेल्या, शनिवार-रविवार टॅक्सी चालवलेल्या लोकांना ही बातमी कशी वाटली असेल? बरं झालं की आकडा गळला. ज्याच्याशी तो जुळवला होता तो किमान पगार २०२३ च्या जुलैत थेट ७०,००० डॉलर झाला. उरलेली कटकट तारखांची आहे : तिकडचं आर्थिक वर्ष जुलै ते जून, त्यामुळं व्हिसाची तीन वर्षं भरली तरी तिसऱ्या वर्षाची नोटीस हातात येईपर्यंत थांबावं लागू शकतं.

त्यानंतर रीजनल जागांचा वार्षिक आकडा २०२२-२३ मध्ये ३४,००० वर गेला, २०२३-२४ मध्ये ३२,३०० आणि २०२४-२५ मध्ये ३३,००० राहिला. २०२४ च्या मध्यावर सरकारने रीजनल स्थलांतराच्या सगळ्या व्यवस्थेवर सूचना मागवल्या. पर्थ किंवा गोल्ड कोस्टसारखी शहरं आणि डॉक्टर शोधत बसलेलं शे-पाचशे वस्तीचं गाव यांना एकाच यादीत ठेवावं का, हा चर्चेतला एक मुद्दा होता.