न्यूयॉर्कमध्ये इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचं व्हायोलेशन: दुरुस्ती झाली तरी नोंद का राहते, आणि ती कशी मिटवायची

सातव्या मजल्यावरच्या दोन खिडक्यांवरचं गंजलेलं लोखंडी लिंटल (वरच्या विटांचा भार पेलणारी आडवी पट्टी) बदललं, विटा नव्याने बसवल्या, कंत्राटदाराचा हिशेब चुकता केला, दंडही भरला. तरी दोन वर्षांनी आमच्या कोऑपमधल्या, म्हणजे सहकारी सोसायटीतल्या, शेजाऱ्यांनी घर विकायला काढलं, तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने विचारलं, "बाहेरच्या भिंतीचं व्हायोलेशन अजून उघडं कसं?" व्हायोलेशन म्हणजे नियम मोडल्याची शहराच्या बिल्डिंग खात्याची नोंद. शोधल्यावर कळलं की दुरुस्तीनंतरचा सुधारित अहवाल तेव्हाच्या मॅनेजिंग कंपनीने दाखलच केला नव्हता. भिंत धडधाकट होती, शहराच्या दप्तरी मात्र ती धोकादायकच होती.

कोऑप आणि कॉन्डोंच्या बोर्डांवर आता आपली बरीच मराठी मंडळी आहेत, काहींच्या स्वतःच्या इमारती आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

हा नियम कुणाला लागतो?

शहराच्या पाचही बरोंमधल्या (विभागांमधल्या), सहा मजल्यांपेक्षा उंच असलेल्या प्रत्येक इमारतीच्या बाहेरच्या भिंती दर पाच वर्षांनी तपासून घ्याव्या लागतात. या कार्यक्रमाला एफआयएसपी म्हणतात, जुनी माणसं अजून 'लोकल लॉ इलेव्हन' म्हणतात. १९७९ साली ब्रॉडवेवर इमारतीवरून निखळलेला तुकडा डोक्यात पडून ग्रेस गोल्ड ही बर्नार्ड कॉलेजची विद्यार्थिनी गेली. त्यातून १९८० चा पहिला कायदा आला. १९९७ च्या डिसेंबरमध्ये मॅडिसन अव्हेन्यूवर एका उंच इमारतीच्या विटा कोसळल्यावर १९९८ मध्ये तो आणखी कडक झाला. फुटपाथवरून आपलीच मुलंबाळं चालतात, म्हणून या तपासणीला नुसती कटकट समजू नका, ही कळकळीची विनंती.

आपली पाळी कधी, ते ब्लॉक नंबरच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. हा नंबर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर असतो. सध्या दहावी फेरी चालू आहे. शेवटचा आकडा ४, ५, ६ किंवा ९ असेल तर अहवालाची मुदत २१ फेब्रुवारी २०२५ ते २१ फेब्रुवारी २०२७. आकडा ०, ७, ८ असेल तर २०२६ ते २०२८, आणि १, २, ३ असेल तर २०२७ ते २०२९, तारीख तीच.

तपासणी कुठल्याही इंजिनियरकडून चालत नाही. न्यूयॉर्क राज्याचा परवाना असलेला आर्किटेक्ट किंवा प्रोफेशनल इंजिनियर हवा, या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव हवा आणि बिल्डिंग खात्याची मान्यता हवी. अशा माणसाला क्यूईडब्ल्यूआय म्हणतात. रस्त्याकडच्या भिंतीवर जास्तीत जास्त ६० फुटांच्या अंतराने तो स्कॅफोल्डवरून प्रत्यक्ष हात लावून बघतो. आमच्याकडे आलेल्या बाई छोट्या हातोडीने विटा वाजवून बघत होत्या. चांगली वीट खणखणीत वाजते, आतून सुटलेली बद्द वाजते. खालून दुर्बिणीतून पाहून हे कळणं शक्यच नव्हतं.

अहवालात भिंतीला तीनपैकी एक शेरा मिळतो: सेफ, अनसेफ, किंवा मधला 'स्वार्म्प', म्हणजे आज सुरक्षित, पण ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती हवी. या मधल्या शेऱ्यावर बोर्ड निवांत होतात, आणि तिथेच फसतात. गेल्या फेरीत स्वार्म्प म्हणून नोंदलेली गोष्ट तशीच राहिली, तर पुढच्या फेरीत तिला पुन्हा स्वार्म्प लिहिता येत नाही. ती थेट अनसेफ होते. वर, दुरुस्ती न केल्याबद्दल २,००० डॉलर दंड. आमचं लिंटल असंच अनसेफ झालं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरच्या विटा उचलून धरतं. पाच वर्षांपूर्वी केसाएवढी असलेली चीर आता नाणं सरकेल एवढी झाली होती.

आधी कागद ओळखा

व्हायोलेशन दोन जातींची असतात आणि मिटवायची रीत वेगळी. पहिलं बिल्डिंग खात्याचं म्हणजे डीओबीचं स्वतःचं, उदाहरणार्थ अहवालच दाखल न केल्याबद्दलचं. दुसरं म्हणजे समन्स, ज्याची सुनावणी ओथ या शहराच्या न्यायाधिकरणापुढे होते. आपल्या पत्त्यावर काय काय उघडं आहे ते खात्याच्या जुन्या बीआयएस यादीत आणि डीओबी नाऊ या नव्या ऑनलाइन यंत्रणेत, दोन्हीकडे बघा. एकाच ठिकाणी बघून सुटकेचा निःश्वास टाकू नका.

अहवाल दाखल न केल्याचं व्हायोलेशन त्यातल्या त्यात सरळ आहे: क्यूईडब्ल्यूआय नेमा, तपासणी करून घ्या, डीओबी नाऊच्या सेफ्टी विभागात अहवाल भरा, साचलेला दंड भरा. उशिराला महिन्याला १,००० डॉलर, आणि अजिबात न भरल्यास वर्षाला ५,००० डॉलर.

अनसेफ शेरा आला तर खरी धावपळ. क्यूईडब्ल्यूआय मालकाला आणि खात्याला ताबडतोब कळवतो, त्या सूचनेचा फॉर्म एफआयएसपी ३. मालकाने लगेच लोकांच्या संरक्षणाची सोय करायची, म्हणजे बहुतेक वेळा फुटपाथवर शेड, चालणाऱ्यांच्या डोक्यावरचं तात्पुरतं छप्पर. त्यानंतर अहवाल दाखल झाल्यापासून ९० दिवसांत दुरुस्ती. कामाचा परवाना वेगळा काढावा लागतो, आणि इमारत लँडमार्क (वारसा म्हणून जपलेली) असेल तर लँडमार्क्स प्रिझर्व्हेशन कमिशनची परवानगीही. हे ९० दिवस बघता बघता संपतात. म्हणून मुदतवाढीचा अर्ज, म्हणजे एफआयएसपी १, वेळेत करा. त्याला लागतं ते असं: जागा सुरक्षित केल्याचा पुरावा, कंत्राटाची प्रत, काम किती दिवस चालेल याचा क्यूईडब्ल्यूआयचा अंदाज, लागणारे परवाने, आणि 'अमुक मुदतीत काम पुरं करीन' असं मालकाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. शिवाय फी. वाढीव ९० दिवसही कमी पडणार असं दिसलं तर ते संपायच्या आधीच पुन्हा अर्ज करा.

दुरुस्ती झाली की दोन आठवड्यांच्या आत क्यूईडब्ल्यूआयने पुन्हा पाहणी करायची आणि सुधारित अहवाल लगेच दाखल करायचा. आमच्याकडे राहिलं ते हेच. हा अहवाल खात्याने स्वीकारेपर्यंत इमारत अनसेफच धरली जाते. शेडही तोवर हलवता येत नाही, लवकर काढायची तर क्यूईडब्ल्यूआयच्या सहीच्या निवेदनासह परवानगी मागावी लागते. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता परवान्याच्या साइन-ऑफशी (काम पुरं झाल्याच्या खात्याच्या मान्यतेशी) आणि क्यूईडब्ल्यूआयचा शेवटचा हप्ता अहवाल स्वीकारला जाण्याशी बांधून ठेवा. आम्ही आता तसंच करतो.

अनसेफ भिंत तशीच ठेवल्याचा दंड महिन्याला १,००० डॉलर. दुसऱ्या वर्षापासून त्यात शेडच्या प्रत्येक फूट लांबीमागे महिन्याला १० डॉलर मिळवा, आणि पुढे हा दर दरवर्षी चढतो. शंभर फुटांची शेड असेल तर दुसऱ्या वर्षी महिन्याला २,००० म्हणजे वर्षाला २४,००० डॉलर. शेडचं भाडं निराळंच.

समन्स आलं असेल तर

त्यावरच्या सुनावणीच्या तारखेला कुणीतरी हजर राहिलंच पाहिजे. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागतो आणि दंड मोठा बसतो. तसं झालंच, तर निकालापासून ७५ दिवसांत नवी सुनावणी मागता येते. पहिल्या वर्गाचं, म्हणजे तात्काळ धोक्याचं समन्स असेल तर लवकर दुरुस्ती केली म्हणून दंड माफ होत नाही.

आणि दंड भरला म्हणजे समन्स मिटलं असंही नाही. 'सर्टिफिकेट ऑफ करेक्शन' वेगळं दाखल करून खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं. सोबत दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे तारखेसकट फोटो, परवाने, पावत्या आणि काम कधी, कुणी केलं याचं नोटरी केलेलं निवेदन जोडा. फोटो एकाच कोनातून काढा, तीच खिडकी आहे हे तपासणाऱ्याला पटलं पाहिजे.

इमारत नुकतीच विकत घेतली असेल आणि दंड आधीच्या मालकाच्या काळातला असेल, तर नोंदणीकृत डीड (खरेदीखत) जोडून माफीचा अर्ज करता येतो. खात्याने मागितलेली इतर कागदपत्रंही द्यावी लागतात.

सहा मजले किंवा कमी असलेल्यांसाठी एक: १ जानेवारी २०२४ पासून रस्त्याकडे पॅरापेट (गच्चीचा कठडा) असलेल्या इमारतींना, उंची कितीही असो, त्याची दरवर्षी पाहणी बंधनकारक आहे. सुट्या एक-दोन कुटुंबांच्या घरांना सूट. हा अहवाल खात्याकडे भरायचा नसतो, पण सहा वर्षं जपून ठेवायचा आणि मागितला की दाखवायचा.