किडे विकायचे तर जंगल कुठलं?

१८५०च्या सुमाराला लंडनमध्ये उष्ण कटिबंधातल्या एका धडक्या, मिशा-पाय शाबूत असलेल्या किड्याला सरासरी तीन-चार पेन्स मिळत. तेव्हाचा पौंड २४० पेन्सचा, शिलिंग १२ पेन्सचा. म्हणजे चार पेन्सच्या भावाने हजार किडे खपले, तर १६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. त्यातून विकून देणाऱ्या एजंटचं २० टक्के कमिशन आणि जहाजभाडं-विम्याचे ५ टक्के वजा करा. हातात उरले १२ पौंड १० शिलिंग. टाचण्या, पेट्या, बूच, कापूर, होडीचं भाडं, नोकराचा पगार आणि स्वतःचं पोट, सगळं त्यातच.

आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि हेन्री वॉल्टर बेट्स या दोघा इंग्रज तरुणांनी एप्रिल १८४८मध्ये अ‍ॅमेझॉनचा रस्ता धरला तो याच गणितावर. दोघंही बेताच्या घरातले. सरकारी पगार नाही, श्रीमंत आश्रयदाता नाही. माल पाठवायचा, लंडनचा सॅम्युएल स्टीव्हन्स तो विकणार, आणि त्या पैशांवर पुढचा मुक्काम. अशा माणसाने जागा निवडायची कशी, हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. ‘जिथे किडे जास्त, तिथे जा’ हे उत्तर तर साफ चुकीचं आहे.

कारण गिऱ्हाईक किडे मोजून घेत नाही, जाती मोजून घेतं. संग्रहालयाला एका जातीची जोडी मिळाली की पुरते. हौशी संग्राहकही दोन-चार नगांवर थांबतो. एकाच फुलपाखराचे शंभर नमुने पाठवले, तर पहिले काही चांगल्या भावाने जातात आणि उरलेले स्टीव्हन्सच्या खणात पडून राहतात. थोडक्यात, ओळखीचा माल भरपूर मिळणारं जंगल धंद्याच्या दृष्टीने गरीबच. लंडनने न पाहिलेल्या जाती थोड्या चालीत आणि थोड्या दिवसांत मिळाल्या पाहिजेत, आणि त्या न सडता, न हरवता बंदरापर्यंत पोचल्या पाहिजेत.

पहिली निवड पारा या बंदराची झाली, म्हणजे आजचं बेलें. ब्रिटिश म्युझियममधल्या एडवर्ड डबलडे यांनी त्यांना सांगितलं, की उत्तर ब्राझीलमधून माल फारसा येत नाही, आणि आलेल्या लहानशा संग्रहांत नव्या, दुर्मिळ जाती बऱ्याच निघाल्या आहेत. लिव्हरपूलहून महिन्याभराचा प्रवास, बंदरात इंग्रज व्यापारी, आणि गावाच्या कुंपणापासून सुरू होणारं जंगल. पाऱ्यापासून तासाभराच्या चालीत सुमारे ७०० जातींची फुलपाखरं मिळतात, असं बेट्सने पुढे नोंदवलं. सगळ्या ब्रिटिश बेटांवर मिळून तेव्हा ६६ माहीत होती.

निवड चांगलीच होती. तरी तिच्यात दोन भोकं होती. एक म्हणजे नदी. आत जाल तितका माल नवा, पण तितकाच बाहेर यायला लांब. वॉलेसने वरच्या खोऱ्यातून पाठवलेल्या पेट्या बाराच्या, म्हणजे आजच्या मानाउसच्या, जकात नाक्यावर अडकून पडल्या. १८५२मध्ये परत फिरताना त्या सोडवून त्याला सगळा माल एकाच जहाजावर स्वतःबरोबर न्यावा लागला. ६ ऑगस्टला भर अटलांटिकमध्ये ‘हेलन’ जहाजाला आग लागली आणि सगळं जळालं. दहा दिवस उघड्या होडीत काढून माणसं वाचली. स्टीव्हन्सने आपणहून विमा उतरवून ठेवला होता म्हणून वॉलेसला लंडनमध्ये वर्षभर तग धरता आला. दुसरं भोक म्हणजे स्पर्धा. बेट्स तिथेच राहिला, ११ वर्षं. त्याने १४,७१२ जाती गोळा केल्या, त्यांतल्या सुमारे ८,००० विज्ञानाला नव्या होत्या, आणि निव्वळ कमाई झाली सुमारे ८०० पौंड. वर्षाचे त्र्याहत्तर. एवढ्या मोठ्या विज्ञानाला एवढी मजुरी.

दुसऱ्या खेपेला वॉलेसने डोकं जास्त चालवलं. आधी मनात अँडीज की फिलिपिन्स असा घोळ होता. मग तो लंडनमध्ये म्युझियमच्या किड्यांच्या आणि पक्ष्यांच्या दालनांत जाऊन बसू लागला. खणांत काय आहे यापेक्षा काय नाही हे बघायला. जावा बेट बऱ्यापैकी धुंडाळलेलं होतं, पण त्याच्या पूर्वेची बेटं जवळपास कोरी. आणि जे थोडंफार आलं होतं, ते इतकं देखणं होतं की उरलेल्याची किंमत कळावी. बोर्निओ बेटावरच्या साराव्हाकमध्ये जेम्स ब्रुक हा इंग्रज राजा, सेलेबीस आणि मोलुकाज बेटांवर डचांची ठाणी, म्हणजे टपाल, दुकानं आणि ओळखीची पत्रं चालणार. हवा तुलनेने निरोगी, निदान तसं सांगितलं जात होतं. पिवळ्या तापाने पाऱ्यात त्याचा धाकटा भाऊ गेला होता, तेव्हा हा मुद्दा काही कागदोपत्री नव्हता. ब्राझीलमध्ये मात्र बेट्स होताच, आणि अँडीजच्या बाजूला आणखी एक चांगला पक्षी गोळा करणारा कामाला लागलेला.

बेटांचा एक फायदा हिशेबात वेगळा धरावा लागतो. सलग खंडावर शंभर मैल गेलात तरी बहुतेक जाती त्याच. समुद्र ओलांडून शेजारच्या बेटावर गेलात की त्याच फुलपाखराचं भावंड वेगळ्या रंगाचं, वेगळ्या पंखाचं निघतं, आणि संग्राहकाला दोन्ही हवी असतात. एका बेटावर नव्या जाती मिळायचा वेग मंदावला, की पडाव पकडून पुढचं बेट गाठायचं. शिवाय जगातल्या पक्ष्यांची ८०० पानी लॅटिन सूची त्याने बरोबर घेतली होती, समासांत स्वतःच्या टिपा काढलेली. हातातला पक्षी लंडनला ठाऊक आहे का, हे रानातच कळावं म्हणून.

प्रदेश ठरला, पण त्या प्रदेशातली नेमकी जागा? इथे नवखा माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं, माणसाचा हात न लागलेलं गर्द रान म्हणजे खाण. तशा रानात दिवसभर फिरून पाच-पन्नास किडे मिळतात. सगळी धामधूम डोक्यावर शेंड्यांत चाललेली असते आणि खाली नुसता अंधार. वॉलेस एप्रिल १८५४मध्ये सिंगापूरला उतरला तेव्हा बुकित तिमाच्या टेकडीवर चिनी मजूर झाडं पाडून फळ्या कापत होते. तिथे दोन महिन्यांत त्याला भुंगेऱ्यांच्या ७०० जाती मिळाल्या. त्यांतल्या १३० लांब मिशांच्या भुंग्यांच्या. आणि हे जवळपास सगळं एक चौरस मैलभर रानात.

कोकणातल्या बागायतदाराला याचं कारण वेगळं सांगायला नको. आंब्याच्या खोडात शिरणारा भिरूड याच लांब मिशांच्या कुळातला. यांच्या माद्या मरू घातलेल्या किंवा नुकत्याच पडलेल्या झाडाच्या सालीत अंडी घालतात. अळ्या साल आणि लाकूड पोखरत वाढतात. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास त्यांना लांबून ओढून आणतो. झाड पडलं की शेंड्यातलं जग कमरेच्या उंचीवर येतं, वर ऊन लागतं, ओंडक्यांवर भुंगे बसतात, वाळत्या पानांच्या ढिगात बारीकसारीक भुंगेरे भरतात. मात्र लाकूड ताजं हवं. साल सुटून ओंडका कोरडा पडला की गर्दी ओसरते. म्हणून जिथे रोज नवी झाडं पडतात अशी जागा पाहिजे.

मार्च १८५५मध्ये अशी जागा त्याला साराव्हाकमध्ये सापडली. सिमुंजानला कोळशाची खाण उघडत होती. रुळांसाठी जंगल कापणं चालू होतं. त्याआधीच्या चार महिन्यांत त्याच्याकडे भुंगेऱ्यांच्या ३२० जाती होत्या. इथे पंधरवड्याच्या आत त्या दुप्पट झाल्या, रोज सरासरी २४ नव्या. एका दिवशी तर ७६ जाती हाती लागल्या, त्यांतल्या ३४ त्याला नव्या. स्थानिक दयाक जमातीच्या आणि चिनी मजुरांना त्याने किड्यामागे एक सेंट लावला होता, म्हणजे शेकडो डोळे कामाला. बोर्निओत मिळालेल्या भुंगेऱ्यांच्या सुमारे २,००० जातींपैकी शंभरेक सोडल्या, तर बाकी सगळ्या याच मैलभर जागेतल्या. कुऱ्हाड थांबली की असं दुकानही बंद होतं, ही त्यातली खोच.

पतंगांचं गणित निराळं. ब्रुकच्या डोंगरावरच्या बंगल्यात पांढऱ्या भिंतीच्या व्हरांड्यात दिवा ठेवून वॉलेस बसे. २६ रात्रींत १,३८६ पतंग मिळाले, पण त्यांतले ८००हून अधिक अवघ्या चार रात्रींतले. चारही रात्री मिट्ट काळोखाच्या आणि धो धो पावसाच्या. चांदणं असलं की हात हलवत झोपायचं.

बाजार आणि अधिवास यांची गल्लत ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ती वॉलेसकडूनही झाली. न्यू गिनीतल्या दोरे या ठिकाणी पूर्वी एका फ्रेंच निसर्गवैज्ञानिकाला बर्ड ऑफ पॅरडाइजच्या अनेक जातींची कातडी मिळाली होती. ते वाचून वॉलेस १८५८मध्ये तिथे गेला आणि काही महिने थांबला. त्या पक्ष्यांतलं जवळजवळ काहीच हाती लागलं नाही. दोरे हे व्यापाराचं ठिकाण. कातडी यायची लांबच्या डोंगरांतून, हातोहात विकली जात. अलिबागच्या बाजारात सफरचंद मिळतं म्हणून तिथे सफरचंदाची बाग शोधण्यासारखंच. भुंगेऱ्यांनी मात्र लाज राखली. त्याच दोरेत एका दिवसात ९५ जाती मिळाल्या, त्याचा तोपर्यंतचा उच्चांक.

वाऱ्याचं वेळापत्रक चुकलं तर अख्खं वर्ष जातं. सेलेबीसमधल्या माकासार बंदरातून न्यू गिनीजवळच्या आरू बेटांकडे पडाव डिसेंबरच्या सुमाराला पश्चिमी वाऱ्यावर निघत आणि जुलैत पूर्वेचा वारा लागला की परतत. मधे सुटका नाही. म्हणजे सहा-सात महिन्यांचं मीठ, छर्रे, दारूगोळा आणि टाचण्या आधीच भरून न्यायच्या. वॉलेसने तो जुगार खेळला आणि सुमारे १,६०० जातींचे ९,०००हून अधिक नमुने घेऊन परतला.

मिळालेला माल टिकवणं हे त्याहून कष्टाचं. सिंगापूरमधला त्याचा दिनक्रम बघा. साडेपाचला उठून आदल्या दिवशीचे किडे सुरक्षित जागी वाळवायला मांडायचे. नऊला रानात, दोन-तीनपर्यंत परत, हातात पन्नास-साठ भुंगेरे. मग आंघोळ करून मारणं आणि टाचणं सहापर्यंत, आवक जास्त असली तर रात्री आठ-नऊपर्यंत. रानातल्या एका तासामागे घरात जवळपास एक तास. पक्ष्याचं कातडं त्याच दिवशी सोलून आतून सोमल चोळला नाही, तर दुसऱ्या दिवशी वास आणि मग पिसं झडायला सुरुवात. दोरेत माश्या कातड्याखाली अंड्यांचे एवढे थर घालत, की फळीवर ठेवलेलं कातडं अर्धा इंच वर उचललं जाई. मुंग्या तर टाचलेला किडा डोळ्यांदेखत ओढून नेत. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, आणि टेबल भिंतीला टेकू द्यायचं नाही. बेट्स वाळवणाचे पिंजरे आढ्याला टांगायचा. दोरीला कडू वनस्पतिजन्य तेल, मुंग्यांसाठी. आणि दोरीच्या मधोमध उपडी वाटी, उंदरांसाठी.

‘हेलन’नंतर वॉलेसने दोन सवयी सोडल्या नाहीत. प्रत्येक नमुन्याला जागेची चिठ्ठी, कारण बेट कोणतं हे न लिहिलेला पक्षी अर्ध्या किमतीचा; आणि माल साठवून न ठेवता तुकड्यातुकड्यांनी पाठवायचा. जड पेट्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून स्वस्तात, मोलाच्या लहान पेट्या सुएझमार्गे. १८५८पासून तीन वर्षं त्याने मोलुकाजमधल्या तेर्नाते बेटावर एक घर भाड्याने ठेवलं. आवारात थंड पाण्याची खोल विहीर, बाजार आणि किनारा पाच मिनिटांवर. तापाने अंग मोडलं की परत यायला जागा.

याच टापूतल्या बाचान बेटावर त्याला सोनेरी-नारिंगी पंखांचं ऑर्निथॉप्टेरा क्रोइसस हे फुलपाखरू मिळालं. आपल्याकडच्या भूतकेसाच्या जातकुळीतल्या झुडपाच्या फुलांवर ते येई. झुडूप ओळखू आल्यावर फुलपाखरामागे पळायची गरज उरली नाही. आज ऑर्निथॉप्टेरा कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आहे आणि अलेक्झांड्रे या जातीच्या व्यापाराला बंदीच आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानातले पक्षी किंवा अनुसूचीतली फुलपाखरं पकडून विकणाऱ्याची गाठ थेट वनखात्याशी पडते. कायदेशीर वाट पापुआ न्यू गिनीने काढली. तिथले गावकरी रानाच्या कडेला ईश्वरीच्या जातकुळीतले वेल लावतात, फुलपाखरं आपण होऊन येऊन अंडी घालतात, काही कोश तसेच सोडून बाकीच्यांतून निघालेली ताजी फुलपाखरं बुलोलो गावातल्या एका संस्थेमार्फत बाहेर जातात. कोशातून नुकतंच निघालेलं असल्यामुळे पंखाला एक ओरखडा नसतो. जाळ्याने पकडलेल्याला तो भाव कधीच येत नाही.

१८६२मध्ये वॉलेस परतला तेव्हा आठ वर्षांचा गल्ला १,२५,६६० नमुन्यांचा होता: ८,०५० पक्षी, १३,१०० फुलपाखरं-पतंग आणि तब्बल ८३,२०० भुंगेरे. भुंगेऱ्यांचा हा आकडा आवडीचा म्हणावा तितकाच वाहतुकीचा आहे. कडक पाठीचा, वजनाला हलका, पंख पसरून लावायची कटकट नसलेला दुसरा माल नाही. जोडीला दोन जिवंत बर्ड ऑफ पॅरडाइज होते. त्यांना खायला घालण्यासाठी त्याने माल्टाच्या एका बेकरीत झुरळं पकडून बिस्किटांच्या डब्यांत भरून घेतली होती.

विक्रीचे उरलेले पैसे स्टीव्हन्सने परस्पर गुंतवले होते, बरेचसे हिंदुस्थानातल्या हमी-व्याजाच्या रेल्वे रोख्यांत. त्यातून वर्षाला सुमारे ३०० पौंड येऊ लागले. जंगल निवडणाऱ्याने पुढे ओळखीच्यांच्या सांगण्यावरून शिशाच्या खाणींचे शेअर घेतले, आणि त्यातलं बरंचसं बुडालं.