जमीन गार ठेवण्याची खटपट

‘आर्क्टिकमध्ये नोकरी, पगार बक्कळ, राहणं-जेवण फुकट!’ अशा रीलखाली हमखास कुणीतरी विचारतं, एवढ्या थंडीत घरं गरम कशी ठेवतात? अहो, ते सोपं आहे, हीटर लावला की झालं. खरी कसरत आहे ती घराखालची जमीन गार ठेवण्याची.

अलास्काच्या उत्तर टोकाचं डेडहॉर्स घ्या. १९६८ मध्ये शेजारीच प्रूडो बे इथे तेल सापडलं, म्हणून ही वस्ती झाली. कायमचं राहायला इथे जवळपास कुणीच येत नाही. दोन-तीन आठवडे रोज १२ तासांची पाळी करायची, की विमानाने घरी. कॅम्पात दारूला मनाई. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही.

इथली माती शेकडो मीटर खोल गोठलेली असते. तिच्यातला बर्फ वितळला की चिखल होतो आणि वरची इमारत खचते. म्हणून कॅम्पच्या इमारती खांबांवर उभ्या करून खालून वारा खेळता ठेवतात. १९७७ पासून इथलं गरम तेल १,२८७ किलोमीटरवरच्या वाल्डीझ बंदराला नेणाऱ्या पाइपलाइनचाही निम्म्याहून अधिक भाग खांबांवरच आहे. त्यातल्या बहुतेक खांबांत माझी लाडकी वस्तू बसवलेली आहे: अमोनिया भरलेली बंद नळी.

नळीचं खालचं टोक उणे २ अंशाच्या मातीत, वरचं उणे ३५ च्या हवेत. आतला दाब ठरतो तो वरच्या थंड टोकामुळे, साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका. त्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंशालाच उकळतो, म्हणजे उणे २ ची माती त्याच्यासाठी पेटलेली चूलच! तळाशी वाफ होते, वर जाते, वाऱ्यात उष्णता टाकून पुन्हा द्रव होते आणि नळीच्या भिंतीवरून ओघळते. एक किलो अमोनियाची वाफ होताना सुमारे चार किलो पाणी गोठेल इतकी उष्णता खेचली जाते. उन्हाळ्यात वरचं टोक गरम, मग वाफ थिजत नाही आणि चक्र आपोआप थांबतं. वरची उष्णता खाली उतरत नाही.

पंप नाही, वीज नाही. पण ‘फुकट ऊर्जे’ची यंत्रं विकणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. उष्णता इथेही गरमाकडून थंडाकडेच जाते.

काही नळ्यांच्या माथ्याशी हायड्रोजन साचतो आणि काम अडतं. ते शोधायला हिवाळ्यात इन्फ्रारेड कॅमेरा लावतात. ज्या नळीचा माथा आसपासच्या हवेपेक्षा उबदार दिसतो, ती ठणठणीत.