फाइल ४के, चित्र ४के: स्वस्त कॅमकॉर्डरमधला न संपणारा घोळ

स्वस्त, तळहातावर मावणारा कॅमकॉर्डर घेतलेल्यांच्या तक्रारींत एक वाक्य हमखास सापडतं: "रेकॉर्डिंग ४केच आहे, प्रॉपर्टीजमध्ये ३८४० बाय २१६० दिसतंय, मग कॉम्प्युटरवर चित्र धूसर का?" त्यावर कार्ड बदला, केबल बदला, फर्मवेअर टाका असे सल्ले मिळतात. या धूसरपणाशी कार्डाचा काडीचा संबंध नसतो. फाइल ४के असणं ही एक गोष्ट आणि चित्र ४के असणं ही दुसरी. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल, फुल एचडीच्या (१९२० बाय १०८०) बरोबर चौपट. फाइलच्या प्रॉपर्टीज, व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर किंवा फाइलची माहिती दाखवणारं मीडियाइन्फो हाच आकडा दाखवतात आणि तो खोटाही नसतो. फाइलमध्ये तेवढे पिक्सेल खरोखर असतात. ते आले कुठून, हे मात्र फाइल सांगत नाही.

ते दोनच ठिकाणांहून येऊ शकतात. एक तर सेन्सरने, म्हणजे लेन्समागच्या प्रकाश टिपणाऱ्या चिपने, तेवढ्या जागी प्रकाश मोजलेला असतो. नाहीतर सेन्सरने कमी जागी मोजलेला असतो आणि मधले पिक्सेल कॅमेऱ्यातल्या चिपने शेजारच्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. या दुसऱ्या प्रकाराला इंटरपोलेशन म्हणतात. पासपोर्ट फोटो झेरॉक्सवर मोठा केला तर कागद मोठा होतो, मूळ फोटोत न उमटलेला तीळ त्यावर उगवत नाही. सेन्सर फुल एचडीपुरताच असेल आणि फाइल ४के असेल, तर दर चार पिक्सेलांतले तीन असे भरलेले असतात.

इथे एक शहाणा हमखास म्हणतो, "सगळेच कॅमेरे इंटरपोलेशन करतात." हे अर्धसत्य फार त्रास देतं, म्हणून ते एकदाचं निकालात काढू. बहुतेक सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असते: निम्म्यांवर हिरवी, पावांवर लाल, पावांवर निळी. ही रचना कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढावे लागतात, हे खरं. पण त्या पिक्सेलच्या जागी काहीतरी मोजमाप झालेलं असतं. फुगवलेल्या ४केमध्ये नव्या पिक्सेलच्या जागी काहीच मोजलेलं नसतं. रंग ठरवणं आणि जागाच नव्याने कल्पणं यांना एकाच मापात बसवायचं कारण नाही.

आता मेगापिक्सेलचा, म्हणजे दहा लाख पिक्सेलांचा, हिशेब. बरेच जण इथे अडखळतात, कारण बेरीज जुळते आणि रुंदी जुळत नाही. "८ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, ४केला साधारण ८ च लागतात, म्हणजे झालं" असं वाटतं. पण ८ मेगापिक्सेलचे नेहमीचे सेन्सर ४:३ आकाराचे असतात, ३२६४ बाय २४४८. रुंदी ३२६४ आणि हवी ३८४०. वरखालचा जास्तीचा भाग १६:९ व्हिडिओत कापलाच जातो, उरतात ३२६४ बाय १८३६, म्हणजे सुमारे ६० लाख. ४:३ सेन्सरमधून खरा ४के काढायचा तर रुंदीत किमान ३८४० आणि उंचीत २८८० पाहिजेत, म्हणजे ११ मेगापिक्सेल. ४००० बाय ३००० चा १२ मेगापिक्सेल सेन्सर चालतो. ५ मेगापिक्सेलचा, २५९२ बाय १९४४ चा, चालत नाही. स्वस्त कॅमेऱ्यांत दिसणारा ऑम्निव्हिजनचा ओव्ही४६८९ हा २६८८ बाय १५२० चा, म्हणजे ४० लाखांचा सेन्सर आहे. त्यातून २.७के (सुमारे २७०० पिक्सेल रुंदीचा व्हिडिओ) जवळजवळ प्रामाणिक निघतो, ४के निघूच शकत नाही. म्हणून सेन्सरचा मॉडेल नंबर कुठे दिला असेल तर मेगापिक्सेल विसरा आणि रुंदीचा आकडा बघा. ३८४० पेक्षा कमी असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

उलट बाजूही आहे. सेन्सर १३ मेगापिक्सेलचा खरा असला तरी प्रत्येक फ्रेमला सगळ्या ओळी वाचून, त्यावर प्रक्रिया करून फाइलमध्ये कोंबायची ताकद स्वस्त चिपमध्ये असेलच असं नाही. मग ती ओळी गाळून वाचते आणि उरलेल्यावरून ४के फुगवते. याची खूण वेगळी असते: तिरप्या तारांना आणि कठड्यांना जिने पडतात, बारीक चौकड्यांच्या कापडावर रंगीत लाटा दिसतात. नुसत्या फुगवलेल्या चित्रात जिने नसतात, एकसारखा मऊपणा असतो. दोन्हींचा परिणाम ग्राहकाला सारखाच, पण विक्रेता "सेन्सर १३ मेगापिक्सेलचाच आहे" असं छातीठोक सांगतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही, एवढं लक्षात असू द्या.

आणि हे निवाडे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर करणं कृपया थांबवा. "स्क्रीनवर एकदम क्लिअर दिसतं" हे कौतुक ज्या तीन इंची स्क्रीनवर बघून केलेलं असतं, तिच्यावर बहुधा २,३०,००० डॉट्स असतात, आणि एका पिक्सेलला तीन डॉट्स लागतात, म्हणजे ३२० बाय २४० पिक्सेल. तिच्यावर काहीही क्लिअरच दिसणार.

तपासायचं कसं

पैसे न लागणारी आणि पळवाट न ठेवणारी एक चाचणी आहे. कल्पना साधी: खऱ्या ४के चित्राला फुल एचडीपर्यंत लहान करून परत मोठं केलं तर काहीतरी हरवतं. काहीच हरवत नसेल, तर हरवण्यासारखं तिथे नव्हतंच.

कॅमेरा स्टँडवर ठेवा, हातात नको. भरपूर उजेड हवा, कारण अंधारात कॅमेऱ्याचं नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसणारी प्रक्रिया) सगळंच लिंपून टाकतं आणि चाचणी फुकट जाते. बहुतेक स्वस्त कॅमकॉर्डरमध्ये फोकस कायमचा पक्का केलेला असतो, म्हणून समोरची वस्तू दोन-तीन मीटरवर असू द्या. पुस्तकाचं पान अर्ध्या फुटावर धरून "अक्षरं धूसर आहेत" म्हणणाऱ्यांनी फोकस तपासलेला असतो, रिझोल्यूशन नाही. समोर अनियमित बारीक पोत असलेलं काहीतरी हवं: पानांची डहाळी, विटांची खडबडीत भिंत, पायपुसण्याची वीण. वारा नको. झूम पूर्ण मागे. ४केमध्ये दहा सेकंद घ्या.

फाइल व्हीएलसीत उघडा, मधे कुठेतरी पॉज करा आणि शिफ्ट व एस दाबून स्नॅपशॉट घ्या. तो व्हिडिओच्या मूळ मापात साठवला जातो. गिंप किंवा इरफानव्ह्यू या फोटो हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये त्याची प्रत १९२० बाय १०८० करा, मग तीच पुन्हा ३८४० बाय २१६० करा आणि वेगळ्या नावाने पीएनजीमध्ये साठवा. जेपीजी नको, त्याची स्वतःची घाण मिसळते. मूळ आणि प्रत दोन्ही १०० टक्क्यांवर उघडून आलटून पालटून बघा. गिंपमध्ये एकावर एक लेयर ठेवून वरच्याचा मोड डिफरन्स केला तर फरक थेट दिसतो: जवळपास सगळं काळं म्हणजे फरक नाही.

निकाल वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, कडा. चिप चित्र फुगवल्यावर शार्पनिंग मारते, म्हणजे कडा कृत्रिमपणे ठळक करते, त्यामुळे ठळक कडांभोवती पांढरट रेघ उमटते. डिफरन्समध्ये ही रेघ उजळते आणि "बघा, तपशील आहे" असं वाटतं. तपशील कडांमध्ये शोधायचा नाही, पोतात शोधायचा: पानाच्या शिरा, विटेवरचे कण, धाग्यांची वीण. तिथे फरक शून्य असेल तर ४के कागदावरच आहे. दुसरी फसगत लेन्सची. सेन्सर खरा असूनही प्लॅस्टिकची लेन्स इतका तपशील पोचवतच नसेल, तर चाचणीत नापास व्हायला तेवढं पुरतं. हे ओळखायला मध्य आणि कोपरे वेगवेगळे बघा. लेन्सचा दोष असेल तर बहुधा मध्य बरा आणि कोपरे गढूळ असतात, फुगवणूक सगळीकडे सारखी असते.

फोटोलाही हीच युक्ती चालते. "४८ मेगापिक्सेल" म्हणजे ८००० बाय ६०००. कॅमकॉर्डरवर हा आकडा छापणं ही या धंद्यातली सर्वांत निर्लज्ज गोष्ट आहे. मेनूत ५, ८, १२, २४, ४८ असे पर्याय असतात. एकच दृश्य सगळ्यांत टिपा. ज्या पर्यायापुढे तपशील वाढायचा थांबतो, तो तुमचा खरा सेन्सर. बड्या कंपन्या याला अपवाद नाहीत. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ मध्ये सेन्सर सुमारे २५ लाख पिक्सेलचा आणि फोटो ९.२ मेगापिक्सेलचा होता. पण त्याचा व्हिडिओ फुल एचडीच होता आणि त्याला पुरतील एवढे पिक्सेल सेन्सरवर होते. फुगवलेला होता तो फोटो, आणि कॅमकॉर्डर फोटोसाठी कोणी घेत नाही.

"६० एफपीएस"मध्येही (सेकंदाला ६० फ्रेम) हाच खेळ चालतो. फोनवर सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारं स्टॉपवॉच लावून ते चित्रित करा आणि व्हीएलसीत ई हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे जा. आकडे दर दोन फ्रेमला एकदाच बदलत असतील तर ३० चेच ६० केलेत.

नुसतं निरुपयोगी नाही, नुकसानकारक

"फुगवलेला का असेना, जास्तच आहे ना" हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि त्याचं कारण बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला मिळणारा डेटा. एका मिनिटाच्या फाइलचा आकार एमबीमध्ये घ्या, ८ ने गुणा, ६० ने भागा: बिटरेट मिळाला. १५० एमबी म्हणजे २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट). यूट्यूब ३० एफपीएसच्या ४के अपलोडसाठी ३५ ते ४५ सुचवतं, सोनीचा एफडीआर-एएक्स५३ ४केला ६० किंवा १०० देतो. स्वस्त यंत्रात ४के निवडल्यावर पिक्सेल चौपट होतात, बिटरेट मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. मग प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला कमी बिट येतात आणि हलत्या पानांत, पाण्यात, गर्दीत चौकोनी ठिगळं दिसू लागतात. वर यंत्र तापतं, बॅटरी लवकर उतरते आणि बऱ्याच मॉडेलांत ४के लावताच स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट कमी करणारी सोय) गुपचूप बंद होतं. म्हणून चाचणीत नापास झालेल्या कॅमेऱ्यावर १०८०पी, म्हणजे फुल एचडी, लावा आणि मेनूतला ४के विसरा. सेन्सर ४० लाखांचा आहे याची खात्री असेल तर २.७के, तेही उजेडात.

बाकीचे फरक पटकन. झूम करताना लेन्स हलत नसेल, आतूनही आवाज येत नसेल, तर "१६एक्स" हे फक्त कापून मोठं करणं आहे. ते नंतर कॉम्प्युटरवर जास्त चांगलं होतं. कॅननच्या एचएफ आर८०० वर ३२एक्स ऑप्टिकल (लेन्सने होणारा खरा झूम) आणि ५७एक्स ॲडव्हान्स्ड असे दोन आकडे होते. असे दोन दिसले तर लहान असतो तो ऑप्टिकलचा. नाइट व्हिजन इन्फ्रारेड दिव्याचं असतं, चित्र कृष्णधवलच येणार. बाहेरचा माइक लावताना फोनचा धातूच्या चार पट्ट्यांचा प्लग बहुतेकदा चालत नाही, धातूच्या तीन पट्ट्यांचा लागतो. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं असेल तर त्यावर फाइली साठवायची पद्धत एफएटी३२ असते आणि फाइल ४ जीबीला तुटते, तो बिघाड नाही.

जुन्या स्वस्त यंत्रांविषयी मात्र एक चांगला शब्द लिहायला हवा. २००७ चा फ्लिप अल्ट्रा ६४० बाय ४८० म्हणून विकला जायचा आणि तेवढंच द्यायचा. त्याची फाइल आणि चित्र यांत हा वाद नव्हता.

घेण्याआधी विक्रेत्याला "४के आहे का" असं विचारू नका, उत्तर नेहमी होच असतं. "व्हिडिओसाठी सेन्सरचे प्रभावी पिक्सेल रुंदीत किती, आणि ४केला बिटरेट किती" असं विचारा. उत्तरात पुन्हा ४८ मेगापिक्सेल आले तर घेऊ नका. घेऊन झालं असेल तर वरची चाचणी परत करण्याची मुदत संपायच्या आत करा आणि परत करताना दोन्ही पीएनजी सोबत जोडा. "क्लॅरिटी नाही" या तक्रारीवर विक्रेता लेन्स पुसायला सांगतो. मूळ आणि लहान करून मोठी केलेली प्रत शेजारी शेजारी ठेवली की लेन्स पुसायचा सल्ला देता येत नाही.