पार्श्वभूमी : व्यावसायिकाची गाडी आणि पाचवा हिस्सा

व्यवसायासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो, ही तरतूद 1922 च्या आयकर कायद्यातही होती. 1939 च्या दुरुस्तीने त्यात 'पूर्णतः आणि केवळ' व्यवसायासाठी, ही अट आली आणि 1961 च्या कायद्याच्या कलम 37 मध्येही ती टिकली. गाडीच्या खर्चाचा सगळा घोळ त्यातल्या 'केवळ'चा.

कारण सकाळी दवाखान्याला नेणारी गाडी संध्याकाळी मुलीला क्लासवरून आणते. शब्द काटेकोर धरला, तर अशा गाडीचा एक रुपयाही मिळायला नको. घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत), दुरुस्ती आणि विमा यांच्यापुरती कलम 38 ने वाट काढली : वस्तूचा वापर निव्वळ व्यवसायासाठी नसेल, तर अधिकाऱ्याने वापर पाहून 'रास्त हिस्सा' मान्य करावा. पेट्रोल आणि ड्रायव्हरचा पगार मात्र कलम 37 मध्येच राहिले. तिथे वैयक्तिक खर्च चालणार नाही, एवढेच म्हटले होते. रास्त म्हणजे किती आणि वैयक्तिक कसे मोजायचे, हे दोन्हीकडे कोरे.

ती कोरी जागा वहिवाटीने भरली. अधिकाऱ्याने गाडीच्या खर्चाचा पाचवा हिस्सा वैयक्तिक म्हणून कापायचा, अपिलात तो दहावा व्हायचा. 'लॉगबुक, म्हणजे गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही, ठेवलेले नाही' हे ठरलेले कारण. आता डॉक्टरांना रोजच्या रुग्णांची नोंदवही नियमानेच सक्तीची होती, पण व्यावसायिकांच्या सक्तीच्या वह्यांच्या यादीत गाडीचे लॉगबुक नव्हते. जे मागितलेच नव्हते, ते नाही म्हणून वजावट कापायची, हा न्याय अजब म्हणावा लागेल. नोकरदाराला कंपनीने दिलेल्या गाडीसाठी मात्र तयार तक्ता होता. 1.6 लिटरपर्यंतचे इंजिन आणि खर्च कंपनीचा असेल, तर वैयक्तिक वापराचे महिन्याला 1,800 रुपये त्याच्या उत्पन्नात धरायचे, ड्रायव्हर असल्यास आणखी 900. कंपनीच्या स्वतःच्या हिशेबात तर, कंपनीला कसला आलाय वैयक्तिक वापर, असे म्हणून एका उच्च न्यायालयाने ही छाटच रद्द केली. उरला तो एकटा धंदा करणारा.

मधल्या काळात गाड्यांवर सरकारची वक्रदृष्टी होतीच. 28 फेब्रुवारी 1975 नंतर आणि 1 एप्रिल 2001 पूर्वी घेतलेल्या परदेशी बनावटीच्या मोटारींना, काही अपवाद सोडता, घसारा नव्हता. 1983 च्या वित्त कायद्याने जाहिरात, हॉटेल आणि मोटारी चालवण्याचा एकत्रित खर्च एक लाखावर गेला, तर वरच्या रकमेतले 20 टक्के नाकारले. दोन वर्षांतच ती तरतूद गुंडाळली गेली.

2016-17 पासून कलम 44एडीए आले. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांच्यासारख्यांची वर्षाची जमा 50 लाखांपर्यंत असेल, तर निम्मी रक्कम नफा धरायची आणि बाकी सगळे, घसाऱ्यासकट, खर्चात गेले असे समजायचे. पुढे रोखीतली जमा 5 टक्क्यांच्या आत असल्यास ही मर्यादा 75 लाख झाली. पंपावरच्या पुसट होत जाणाऱ्या पावत्या डॅशबोर्डमध्ये साठवण्याची गरज अनेकांपुरती संपली. मूळ प्रश्न सुटला नाही, फक्त विचारला जाईनासा झाला.

2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा. कलमांचे आकडे बदलले, 'पूर्णतः आणि केवळ' राहिले. ज्यांची जमा मर्यादेबाहेर आहे, त्यांना सीएचा फोन आजही येतो, "गाडीचे वैयक्तिक किती टाकू?" आणि उत्तर ठरलेले असते, "गेल्या वर्षी टाकले होते तेवढेच."