सस्तन प्राण्यांचा संग्रहालयीन अभ्यास : मराठवाडा

जतन केलेल्या कातड्या, कवट्या व दात यांवरून सस्तन प्राण्यांच्या जाती-उपजाती ठरविणे आणि त्यांचा प्रसार नोंदविणे, असे या अभ्यासाचे स्वरूप आहे. नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, लिंग व मापे असतात. ठिकाण मोघम असेल, तर उत्तम कातडीचेही मोल घटते.

मराठवाड्यापुरता ठिकाणाचा हा प्रश्न लांडग्याच्या बाबतीत विशेष गुंतागुंतीचा आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स (1790–1872) यांनी 1831 मध्ये येथील लांडग्याला कॅनिस पॅलिपेस हे नाव दिले व प्ररूपस्थान (ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो मिळाल्याचे ठिकाण) म्हणून केवळ ‘दख्खन’ लिहिले. त्यात निजामाच्या ताब्यातील मराठवाडा धरावा काय, याविषयी एकमत होणे कठीण. तथापि साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते आणि 1838 च्या त्यांच्या अहवालात दख्खन म्हणजे पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड हे चार इंग्रजी जिल्हे होत. त्यामुळे मूळ नमुना पुणे-अहमदनगर भागातील असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बीडची हद्द नगरला लागूनच असल्याने लांडग्याच्या दृष्टीने हा भेद कागदावरचाच. पुढे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी पॅलिपेसला करड्या लांडग्याची उपजात मानले. इराण-तुर्कीतील लांडगेही याच नावाखाली आले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात संग्रहालयांतील जुने नमुनेही तपासले गेले व द्वीपकल्पीय भारतातील लांडग्यांचा वंश प्राचीन व वेगळा ठरला. काहींनी त्यास कॅनिस इंडिका हे नाव सुचविले. परंतु अग्रक्रमाच्या (आधी दिलेले नाव ग्राह्य धरण्याच्या) नियमानुसार दख्खनच्या नमुन्यावर आधारलेले जुने नावच टिकावे.

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू केले, ते खानदेशातून. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे तेथील नोंदी मराठवाड्याच्या उत्तर कडेलाही लागू पडतात. नमुन्यांचे वर्गीकरण प्रामुख्याने लंडनमध्ये ऑल्डफील्ड टॉमस व रॉटन या सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांनी केले.

लांडग्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत, स्थान आहे. गौताळा-औट्रमघाट (1986) व येडशी-रामलिंग घाट (1997) ही अभयारण्ये डोंगराळ पानझडी वनाची आहेत. लांडगा, खोकड व काळवीट मात्र बव्हंशी उघड्या माळरानावर, धनगरांच्या चराईच्या जमिनींवर राहतात. वेरूळ-अजिंठ्याच्या परिसरात वटवाघळेही आढळतात.